रस्त्याचे दुखणे पाण्यात शोधणारे अभियंते हवेत
दहावी-बारावीचा निकाल लागला की बीड जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत दोनच वाटांची चर्चा होते, नीट आणि कॉम्प्युटर. सिव्हिल इंजिनिअरिंगचे नाव काढले तर ‘त्यात आता काय राहिलंय?’ म्हणून विषय मिटतो. माझे मत नेमके उलट आहे. या जिल्ह्याला यापुढे सर्वांत जास्त गरज पडणार आहे ती रस्त्याची तब्येत मोजता येणाऱ्या आणि पाण्याचे नियोजनही कळणाऱ्या माणसांची, आणि ती सिव्हिलमधूनच घडतात.

२०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण आटले आणि त्यावर विसंबलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत याच जिल्ह्यात सिंदफणा नदीला पूर आला. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा थोड्या वेळात कोसळतो आणि मधले खंड लांबतात. पाण्याची कमतरता आणि पाण्याचा लोंढा या दोन्ही संकटांचा मार रस्त्यालाही बसतो. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसून भेगाळते. म्हणूनच रस्त्याच्या आखणीत मातीचा नमुना चार दिवस भिजवून मग त्याची भार सोसण्याची ताकद तपासतात. बाजूची गटारे बुजलेली असतील, मोरी अरुंद असेल, तर पाणी भरावात मुरते आणि वरचे डांबर कितीही चांगले असले तरी रस्ता खचतो. परतीचा पाऊस ओसरतो न ओसरतो तोच गाळप हंगाम सुरू होतो, आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्या याच ओल्या रस्त्यावरून धावतात. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, हा अभियांत्रिकीतला जुना ठोकताळा आहे. कडेची लांब भेग बऱ्याचदा माती आकसल्याची खूण असते, तर जाळीदार भेगा भाराने थर थकल्याच्या. हा फरक न ओळखता खड्ड्यात नुसती खडी-डांबर भरले, तर पुढच्या पावसात तोच खड्डा पुन्हा पडतो.

पालक म्हणतात, नोकऱ्या कुठे आहेत, आणि असल्या तर पगार किती? शंका रास्त आहे. सरकारी जागा मोजक्या असतात, आणि ठेकेदाराकडच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचा पगार सॉफ्टवेअरवाल्यापुढे तोकडाच दिसतो. पण नुसती पदवी आणि हातात असलेले कौशल्य यांत मोठे अंतर आहे. वजन आपटून रस्त्याची लवचीकता मोजणारे यंत्र, लेझर लावलेली सर्वेक्षण-गाडी, उपग्रह-नकाशे यांतून आलेले आकडे वाचून ‘आधी मोरी रुंद करा, मग डांबर टाका’ असे सांगू शकणारा माणूस सल्लागार कंपन्यांना, महामार्गाच्या कामांना आणि जलसंधारणालाही लागतो. हे काम यंत्रेच करतील असेही म्हटले जाते. भेगेचा फोटो यंत्र ओळखेल; पण ती भेग नाल्याच्या कोणत्या वळणामुळे पडली, हे शिवार फिरलेल्यालाच लवकर उमजते. मुलीला उन्हातान्हात कसे पाठवायचे, ही काळजी खरी आहे, मात्र आकड्यांचे विश्लेषण, आराखडे आणि प्रयोगशाळा हाही या क्षेत्राचा मोठा भाग आहे.

वाट महागडीच असते असे नाही. दहावीनंतर बीड किंवा अंबाजोगाईच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. पुढे पाण्याचा अभ्यास वाढवायचा तर छत्रपती संभाजीनगरची वाल्मी ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था जवळच आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आणि नाशिकची मेरी ही अभियांत्रिकी संशोधन संस्था यांचे काम समजून घ्या. कॉलेजात असतानाच जीआयएस (संगणकीय नकाशांचे तंत्र) आणि थोडे प्रोग्रॅमिंग शिका, गणिताकडे पाठ फिरवू नका. आणि प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी पालकांनी मुलाला घेऊन कॉलेजची माती-परीक्षणाची प्रयोगशाळा पाहावी, तिथे मुले स्वतः चाचण्या करतात का हे विचारावे.