संगणक जागा का होत नाही?

संगणक चालविणे आणि संगणकाची कार्यप्रणाली स्वतः घडविणे, ह्या दोन गोष्टींत सायकल चालविणे आणि सायकल उघडून पुन्हा जोडणे ह्यांइतके अंतर आहे. पहिली गोष्ट आज पाचवीतील मुलासही येते. दुसरीच्या वाटेस सहसा कोणी जात नाही. आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर. इतिहास आणि मराठी शिकवितो. तथापि ह्या वर्षी काही विद्यार्थ्यांसह आम्ही त्या वाटेने गेलो. तेथे जे पाहिले, आणि जेथे ठेच लागली, ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

ह्यास निमित्त घडले ते असे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या प्रणालीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. पुढील विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० नामक सुरक्षा-चिप मागते, आणि आमच्या संगणक-कक्षातील जुन्या यंत्रांत ती नाही. यंत्रे चालू स्थितीत होती. तरी ती भंगारात द्यावीत अशी चर्चा सुरू झाली. स्नेहसंमेलनापर्यंत मुदत द्यावी, अशी आम्ही विनंती केली व ती मान्य झाली. खरे पाहता अशा यंत्रांवर तयार लिनक्स प्रणाली बसविली की काम भागते, आणि बहुतेक यंत्रांवर आम्ही तेच केले. दोन यंत्रे मात्र आठवी-नववीच्या मुलांसाठी राखून ठेवली. त्यांच्यासाठी प्रणालीचा गाभा मूळ संहितेपासून आपल्या हाताने बांधावयाचा असे ठरले.

ह्या गाभ्यास ‘कर्नल’ म्हणतात. हा शब्द प्रथम उच्चारला तेव्हा एका मुलाने, “सर, सिकंदराबादच्या छावणीतले का?” असे विचारले. लष्करातील कर्नलाशी ह्याचा काही संबंध नाही. फळातील गर असा ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे. स्मृती कोणास किती द्यावी, चकतीवर काय लिहावे, कळफलकावरील अक्षर कोणत्या कार्यक्रमाकडे पोचवावे, हे सर्व कर्नल ठरवितो. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी १९९१ साली लिनक्सचा पहिला गाभा लिहिला. त्याआधी १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी ग्नू प्रकल्प घोषित केला होता, आणि त्या प्रकल्पाचा संकलक १९८७ पासून उपलब्ध होता. संकलक म्हणजे मनुष्याने लिहिलेली संहिता यंत्राच्या आज्ञांत उतरविणारा भाषांतरकार. आपल्याकडेही ह्या पायावर काम झाले आहे. सी-डॅक ह्या शासकीय संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली केली, आणि आपल्या हैदराबादेतील ‘स्वेच्छा’ ह्या संस्थेने तेलुगू भाषेत चालणारी प्रणाली सिद्ध केली.

आता बांधणीकडे वळू. संहिता उतरवून घ्यावी, कोणते भाग हवेत ते निवडावे, आणि ‘मेक’ ही आज्ञा द्यावी, एवढेच सांगण्यापुरते काम आहे. आमची पहिली आज्ञा अर्ध्या मिनिटात थांबली. पडद्यावर ‘फ्लेक्स सापडत नाही’ अशा अर्थाची ओळ आली. फ्लेक्स आणि बायसन ही दोन साधने संहितेतील शब्द आणि वाक्यरचना ओळखण्याच्या कामी लागतात. ती नसतील तर बांधणी पुढे सरकत नाही. असा दोष म्हणजे दोषच नव्हे. साधन बसविले की तो जातो.

खरा धडा पुढच्या प्रसंगी मिळाला. पडद्यावर एकदम पन्नास ओळी आल्या आणि मुले शेवटची ओळ वाचून तर्क करू लागली. शेवटची ओळ केवळ ‘काम फसले’ एवढेच सांगते. कारण बरेच वर, पहिल्या चुकीपाशी असते. खालच्या चुका तिच्या पोटी जन्मलेल्या असतात. कठीण ओवीचा अन्वय लावताना आपण आधी क्रियापद शोधतो, तसे येथे ‘एरर’ हा शब्द प्रथम कोठे आला ते शोधावे. त्यातही अनेक कामे एकाच वेळी चालू असतील तर त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. अशा वेळी ‘मेक’ला एका वेळी एकच काम करावयास सांगून पुन्हा चालवावे. वेळ जातो, पण ओळी क्रमाने येतात आणि वाचता येतात.

मुलांना आम्ही एक कसोटी सांगितली, ती वाचकांनीही ध्यानात ठेवावी. बांधणी प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी थांबत असेल तर संहिता, निवड किंवा साधन ह्यांत दोष आहे. दर वेळी निराळ्या ठिकाणी थांबत असेल तर यंत्राकडे पाहावे. आमचे दुसरे यंत्र एकदा दहाव्या मिनिटाला थांबे, एकदा चाळिसाव्या. संकलकाच्या पोटातच बिघाड झाल्याचा संदेश येई, आणि पुन्हा आज्ञा दिली की तीच फाइल निमूटपणे पार पडे. मेमटेस्ट नावाच्या कार्यक्रमाने रात्रभर स्मृती तपासली, तेव्हा दोन पट्ट्यांपैकी एक सदोष निघाली. तिची सोनेरी टोके खोडरबराने घासण्याचा घरगुती उपाय करून पाहिला. ह्या खेपेस तो फळला नाही. पट्टी काढून टाकली तेव्हा बांधणी तडीस गेली. नित्याच्या कामात ती पट्टी कधी उघडी पडली नसती. संकलनात मात्र स्मृतीचा कोपरा न् कोपरा तासन्‌तास वापरला जातो, त्यामुळे लपलेला दोष बाहेर येतो.

पहिल्या यंत्राची तऱ्हा आणखी निराळी. ‘फाइलवरील वेळ भविष्यकाळातील आहे’ अशी सूचना ते वारंवार देई. ‘मेक’ची सारी बुद्धी घड्याळावर चालते. मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलीहून नवी असेल तरच ती पुन्हा संकलित करावी, एवढा एकच नियम तो जाणतो. मातृफलकावरील तीन व्होल्टचा सेल संपला असल्याने यंत्राचे घड्याळ दर सकाळी कित्येक वर्षे मागे जात असे. मग काय नवे आणि काय जुने ह्याचा निवाडा कसा व्हावा? शाळेपासून चार पावलांवर कोठीची गुजराती गल्ली आहे. तेथून सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल आणला, घड्याळ लावले, अर्धवट बांधलेले सर्व पुसले आणि नव्याने आरंभ केला.

एक दोष भाषेच्या शिक्षकास विशेष रुचला. हौसेने एक जुनी संहिता घेऊन पाहिली, तर नव्या संकलकाने ती नाकारली. २०२५ साली आलेला जीसीसी १५ हा संकलक सी भाषेची नवी नियमावली आपण होऊन धरतो, आणि तीत ‘ट्रू’ व ‘फॉल्स’ हे भाषेचे राखीव शब्द ठरले आहेत. जुन्या लेखकांनी तीच नावे आपल्या संहितेत स्वतः ठरवून घेतली होती. शब्द तेच राहिले, व्याकरण बदलले. तेव्हा संहिता आणि संकलक साधारण एकाच काळातले घ्यावेत, किंवा संकलकास जुने व्याकरण वापरण्याची आज्ञा द्यावी.

बांधणी पूर्ण झाली म्हणजे यंत्र उठेलच असे नाही. उठण्याची साखळी अशी आहे : वीज येताच मातृफलकावरील कायमचा कार्यक्रम जागा होतो, तो ‘ग्रब’ नामक आरंभकास हाक मारतो, ग्रब कर्नलास स्मृतीत आणतो, कर्नल चकतीवरील मुख्य दालन उघडतो आणि तेथील पहिला कार्यक्रम सुरू करतो. शेवटचा संदेश कोणता आला, ह्यावरून साखळीची कोणती कडी तुटली ते कळते. ग्रबची यादीच दिसली नाही तर कर्नलास दोष देऊ नये. ‘पहिला कार्यक्रम सापडला नाही’ असे आले तर दालन उघडले आहे, आत माणूस नाही.

सर्वांत प्रसिद्ध संदेश मात्र मधल्या कडीचा आहे : ‘व्ही.एफ.एस. अनेबल टु माउंट रूट एफ.एस. ऑन अननोन-ब्लॉक’. त्यापुढे कंसात दोन अंक असतात. दोन्ही शून्ये असतील तर कर्नलास मुख्य चकतीच सापडलेली नाही. ८ आणि १ असे अंक असतील तर चकती दिसली, परंतु तिच्यावरील मांडणी वाचता आली नाही. ह्याचे मूळ कारण मोठे गमतीचे आहे. चकती वाचण्याचे ज्ञान, म्हणजे तिचा चालक, अनेकदा चकतीवरच वेगळ्या फाइलीत ठेवलेला असतो. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावावे, तसा हा प्रकार. ह्यावर दोन उपाय आहेत. चालक कर्नलच्या पोटातच बांधावा. अथवा आवश्यक चालकांचे एक लहान गाठोडे करून ग्रबच्या हाती द्यावे, म्हणजे ते कर्नलबरोबरच स्मृतीत येते. ह्या गाठोड्यास ‘इनिटरॅमएफएस’ म्हणतात.

ह्या गाठोड्यापायी आमच्या हातून जी चूक झाली ती सांगणे प्राप्त आहे. प्रस्तुत अंकासाठी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी दिलेले बहुतेक लेख पहिल्या यंत्रावर टंकित करून ठेवले होते. त्यांची दुसरी प्रत नव्हती. त्याच यंत्रावर नवा कर्नल बसविण्याचा मोह आम्हांस आवरला नाही. आरंभाच्या फाइलींसाठी राखलेला भाग लहान होता. ‘जागा पुरत नाही’ असा संदेश आला. आम्ही जुना कर्नल आणि त्याचे गाठोडे पुसून जागा केली, आज्ञा पुन्हा दिली आणि चहास गेलो. परत आल्यावर शेवटच्या ओळी न वाचताच यंत्र पुन्हा सुरू केले. दोन शून्ये समोर उभी राहिली. जुना कर्नल असता तर ग्रबच्या यादीतून तो निवडून यंत्र क्षणात उठले असते. तो तर आम्ही आपल्या हाताने पुसला होता. पहिल्या ओळीचे महत्त्व मुलांना सांगणाऱ्या शिक्षकाने शेवटची ओळही वाचली नाही! नववीतील एका मुलीने आपल्या आजीच्या आठवणींवर लिहिलेला लेख त्यात होता, आणि ती शेजारीच उभी होती. तिने विचारले, “सर, गेला का?” आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही.

लेख गेले नव्हते. यंत्र उठत नाही म्हणजे चकती पुसली गेली असे नव्हे. दार उघडले नाही, घर जागच्या जागी आहे. पेन-ड्राइव्हवरील तयार लिनक्सने यंत्र सुरू केले, आतील चकती जोडली, आणि सारे लेख जसेच्या तसे दिसले. प्रथम त्यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर घेतली, मग दोषाकडे वळलो. नव्या कर्नलचे चालक दोषशोधनाच्या माहितीसह बसविले होते, त्यामुळे गाठोडे कित्येक पटींनी फुगले आणि जागा पुन्हा अपुरी पडून ते लिहिलेच गेले नाही. ती माहिती गाळून चालक पुन्हा बसविले, तेव्हा गाठोडे सहज मावले आणि यंत्र उठले. त्या दिवसापासून ग्रबच्या यादीत एक चालता जुना कर्नल असल्याशिवाय नव्यास हात लावावयाचा नाही, असा नियम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे.

निवडीसंबंधी एक सूचना. सर्व भाग निवडले तर आमच्यासारख्या जुन्या यंत्रावर बांधणीस अख्खा दिवसही पुरत नाही. सध्या वापरात असलेलेच चालक ठेवणारी ‘लोकलमॉडकॉन्फिग’ नावाची आज्ञा आहे. तिने हे काम तासाभरावर आणले. परंतु त्या क्षणी जे उपकरण जोडलेले नाही ते तिच्या लेखी अस्तित्वातच नाही. आम्ही पेन-ड्राइव्ह लावावयास विसरलो, आणि नव्या कर्नलने त्यास ओळख दिली नाही.

मुलांनी विचारले की, हे सारे संदेश मराठीत का येत नाहीत? प्रश्न रास्त आहे. कर्नलच्या आरंभीच्या पडद्यावर फार तर ५१२ अक्षराकृती मावतात, आणि जोडाक्षरे जुळविण्याची सोय तेथे नाही. देवनागरी त्यापुढे, चित्रमय पडदा सुरू झाल्यावर अवतरते. तेथेही भाषेची स्थानिक नोंद बसविलेली हवी. नाहीतर तारखा आणि वारांची नावे इंग्रजीतच राहतात. आम्ही मराठीची नोंद बसविली, आणि जवळच यादीत कोंकणीचीही दिसली म्हणून तीही बसविली. घरी आम्ही कोंकणी बोलतो, हे मुलांना त्या दिवशी कळले.

दुसरे यंत्र अजून अडले आहे. जुन्या आवृत्तीवर ते नीट उठते, नव्या आवृत्तीवर पडदा काळा राहतो. दोन मुख्य आवृत्त्यांमध्ये सुमारे पंधरा हजार बदल असू शकतात. त्यांतील दोषी बदल कसा शोधावा? टोरवाल्ड्स ह्यांनीच २००५ साली आरंभिलेल्या ‘गिट’ ह्या साधनात त्याची युक्ती आहे. बरोबर मधला बदल घ्यावा, बांधावे, उठवून पाहावे. पडदा उजळला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. २ चा चौदावा घात १६३८४ होतो. म्हणून पंधरा हजारांसाठी चौदा बांधण्या पुरतात. एका शनिवारी एक बांधणी होते. हा लेख छापावयास देईपर्यंत पाच झाल्या असून उरलेले बदल पाचशेच्या आत आले आहेत. सहावी बांधणी करण्याची पाळी आठवीच्या मुलांची आहे.