टीबीचा जंतू आणि मेणाचा थर

जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. आत जनुकांचा धागा, भोवती पातळ पडदा आणि बाहेर भिंत. टीबीच्या जिवाणूच्या भिंतीत मेणासारखा जाड थर असतो. मेणकापडावरून पाणी ओघळते, तशी बरीच औषधे त्यावरून निसटतात. आपल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, पण तो पचत नाही. आतच दडून राहतो. त्याची वाढही संथ. काही जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात, याला जवळपास २० तास लागतात.

म्हणूनच उपचार सहसा ६ महिन्यांचा. आयसोनियाझिड हे औषध तो मेणाचा थर बनू देत नाही, सोबतची औषधे दडलेले जंतू मारतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघताना गोळ्या सुटल्या, तर उरलेले जंतू पुढे औषधाला दाद न देण्याची भीती असते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचे आरोग्य केंद्र गाठा. तपासणी व औषधे मोफत आहेत. गाव सोडण्याआधी आशाताईंना सांगा. उपचार तिकडच्या केंद्रात चालू ठेवता येतो.

टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो, ताट-पेल्यातून नाही. खोकताना रुमाल धरा, खिडकी उघडी ठेवा. पण रुग्णाचे ताट वेगळे करू नका. वेगळ्या भांड्याचे दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक? तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली होती.