जागरण, विवेक आणि आपले निर्णय



चर्नी रोडहून चर्चगेट अवघे दोन स्थानकांवर. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या मुंबई उच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२४ रोजी एका निकालात झोपेविषयी जे सांगितले, ते प्रत्येक घरात पोहोचावे असे आम्हाला वाटते.

एका ६४ वर्षांच्या नागरिकाला सक्तवसुली संचालनालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये चौकशीसाठी बोलावले होते. त्यांचा जबाब मध्यरात्र उलटून पहाटेपर्यंत घेतला गेला. उशिरा जबाब देण्यास त्यांची हरकत नव्हती, असे संचालनालयाचे म्हणणे. अटक बेकायदा असल्याची त्यांची तक्रार न्यायालयाने मान्य केली नाही. मात्र संमती असो वा नसो, अशा रीतीने रात्रभर जबाब घेणे न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व न्यायमूर्ती मंजूषा देशपांडे यांनी नापसंत ठरविले. झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे; ती हिरावली तर प्रकृतीबरोबरच विचारशक्तीही बिघडू शकते, असे त्यांनी म्हटले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये संचालनालयाने जबाबाच्या वेळांविषयी परिपत्रक काढले.

‘संमती असो वा नसो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. थकलेला माणूस ‘चालेल’ म्हणतो, तेव्हा ते कोण ठरविते? त्याची बुद्धीच ना? आणि थकलेली असते तीही बुद्धीच. वजनकाटाच बिघडला असेल, तर तो बिघडला आहे हे त्याच काट्यावर कसे कळणार?

जागरणाने काय बिघडते?

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात असे दिसले की, सलग १७ तास जागे असलेल्या माणसाचे हात व डोळे यांचा मेळ, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका ढासळतो. आपल्याकडे वाहन चालविणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. पाणी भरण्यासाठी पहाटे पाचला उठणाऱ्या माउलीचे १७ तास रात्री दहालाच भरतात!

२००३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी काही निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिले. शेवटी त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्यांइतकी खालावली. पण त्यांना स्वतःला विचारले, तर ‘थोडी झोप येते, एवढेच’ असे उत्तर मिळाले. ‘मला सवय आहे’ असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ पुष्कळदा इतकाच की, नुकसान जाणवण्याचे थांबले आहे.

२०११ मधील आणखी एका संशोधनात आढळले की, जागरणानंतर माणसाचे लक्ष तोटा टाळण्यापेक्षा फायद्याकडे अधिक वळते. म्हणजे दुपारी जो व्यवहार आपण धोक्याचा म्हणून नाकारू, तोच रात्री आकर्षक वाटू शकतो.

मंगळूरचा धडा

मुंबईच्या धर्मग्रामांत मंगळूरकडची कुटुंबे पुष्कळ आहेत. २२ मे २०१० ची पहाट ती विसरलेली नाहीत. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टीपलीकडे दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण दगावले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. वैमानिककक्षातील ध्वनिमुद्रण सुमारे दोन तास पाच मिनिटांचे होते. त्यातील पहिला एक तास चाळीस मिनिटे मुख्य वैमानिक झोपेत होते. जागे झाल्यावर थोड्याच वेळात त्यांना विमान उतरवायचे होते. सहवैमानिकाने तीनदा सुचविले की, उतरू नका, पुन्हा वर घ्या. यंत्रेही इशारे देत होती. तरी विमान उतरविले गेले. अर्धवट उतरलेल्या झोपेमुळे निर्णयशक्ती मंदावली असावी, असे चौकशी अहवालात नमूद आहे.

दिवंगत वैमानिकाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. योग्य सल्ला शेजारीच होता, वेळेवर होता, तीनदा मिळाला; तो स्वीकारण्याची ताकद मात्र त्या क्षणी नव्हती. घरीही असेच होते. पेंगुळलेल्या माणसाला पत्नीचा शहाणा शब्द कटकट वाटतो.

मग काय करावे?

एलिया संदेष्ट्याची गोष्ट आपणांस ठाऊक आहे (१ राजे, अध्याय १९). पळून पळून थकल्यावर झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवदूताने त्याच्याशी वाद घातला नाही की उपदेश केला नाही. झोपलेल्या एलियाला उठवून खाऊ-पिऊ घातले आणि पुन्हा झोपू दिले. पुढच्या प्रवासाचे बोलणे त्यानंतर झाले. मन उदास व अंधारलेले असताना आधीचा निश्चय बदलू नये, असा संत इग्नेशियस लोयोला यांचाही नियम आहे.

थकवा आतून ओळखता येत नाही, म्हणून नियम दिवसाउजेडी ठरवून ठेवावेत:

१. चाळीच्या पुनर्विकासाची सभा रात्री उशिरापर्यंत रंगली, तर संमतिपत्र घरी आणावे. सही दुसऱ्या दिवशी, वाचून.

२. राजीनामा, कर्ज, नाते तोडणारा फोन किंवा संदेश रात्री दहानंतर नको.

३. ‘डिजिटल अटक’ करणारे भामटे माणसाला तासन्‌तास, कधी रात्रभर, व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवतात. त्याला ना झोप मिळावी, ना कुणाचा सल्ला. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. फोन बंद करावा, घरच्यांना उठवावे, १९३० वर तक्रार नोंदवावी.

४. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, टॅक्सीचालक व इतरांना निवड नसते. निदान ते दिवसा झोपले असता घरात टीव्ही मोठ्याने लावू नये, आणि ते दारातून आत येताच घरचे प्रश्न पुढे टाकू नयेत.

५. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना झोपू द्यावे. रात्र जागून पाठ केलेले नेमके पेपर लिहिताना आठवेनासे होते.

दुसऱ्याची झोप राखणे ही लहान सेवा नाही. त्यामुळे आपण त्याची विवेकबुद्धीही राखतो.

घरी एकत्र बसून विचार करू या

गेल्या वर्षभरात आपल्या घरातला कोणता निर्णय रात्री, थकून घेतला गेला? तो सकाळी घेतला असता, तर तसाच घेतला असता का? आणि आपल्या घरात सर्वांत कमी झोप कोणाला मिळते?