कुळीथ : भाताचा जोडीदार

पावसाळ्यात समुद्र खवळतो. यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि मालवणच्या बाजारात ताजी मासळी कमी होते. अशा दिवसांत सिंधुदुर्गातल्या घराघरांत भातावर कुळथाची पिठी येते. पण पाहुणा आला, की आपण ओशाळून म्हणतो, "आज काय, नुसती पिठीच आहे!" विद्यार्थी मित्रांनो, या 'नुसत्या' पिठीत काय दडले आहे, ते पाहू या.

कुळीथ हे कडधान्य आहे. भिजलेल्या दाण्याची साल काढून तो दाबला, तर त्याचे दोन सारखे भाग होतात. ही बीजाची दले. कोवळ्या रोपाची शिदोरी त्यांत साठवलेली असते. मात्र दोन दले असलेले प्रत्येक बी कडधान्य नव्हे. आंब्याच्या कोयीतही दोन दले असतातच! कडधान्ये ही शिंबावंत कुलातली. शिंबा म्हणजे शेंग. चवळी, मूग, उडीद, तूर, वाल, हरभरा, वाटाणा ही सारी कुळथाची भावंडे. जमिनीत शेंगा धरणारा भुईमूगही याच कुलातला.

आता अन्न म्हणून कुळथाची किंमत पाहू. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच कुळथात सुमारे २२ ग्रॅम. शरीराची वाढ आणि झीज भरून काढणे ही कामे प्रथिनांची. प्रथिने ही ॲमिनो आम्लांची माळ असते. त्यांपैकी नऊ आम्ले शरीराला तयार करता येत नाहीत; ती अन्नातूनच मिळवावी लागतात.

एक अबोली, एक जाई असा वळेसर ओवताना जाई संपली, तर अबोलीचा ढीग असूनही काम अडते. तसेच इथे होते. तांदळात लायसिन हे आम्ल अपुरे असते, तर कडधान्यात मेथिओनिन कमी पडते. पण कडधान्यात लायसिन भरपूर असते आणि मेथिओनिनची उणीव तांदूळ भरून काढतो. म्हणून भात व पिठी एकत्र खाल्ल्यास दोहोंतील प्रथिने अधिक उपयोगी पडतात. वाढत्या वयात केवळ भातावर पोट भरले, तर भूक भागते. वाढ मात्र खुंटू शकते.

कच्च्या कडधान्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे पदार्थ असतात. उष्णतेने त्यांचा जोर मोडतो. म्हणून कुळीथ भाजून, दळून, शिजवून खाण्याची रीत शहाणपणाची आहे. मोड आणले, तर पोटात वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात आणि क जीवनसत्त्वही तयार होते.

भाताची आणि कुळथाची ही जोडी शेतातही आहे. भातकापणीनंतर जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर कुळीथ येतो. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो, पण वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. कुळथाच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जातीचे जीवाणू राहतात. ते हवेतील नत्राचे रूपांतर रोपाला वापरता येईल अशा संयुगात करतात. त्याबदली रोप त्यांना साखर पुरवते. गाठींचे हे कार्य हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८८ साली प्रसिद्ध केले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. बराचसा नत्र दाण्यांबरोबर घरी येतो. त्यात पीक मुळासकट उपटले, तर गाठीही जमिनीबाहेर जातात. विळ्याने कापून मुळे शेतातच कुजू दिली, तर त्यांतला नत्र पुढच्या पिकाच्या कामी येतो.

करून पाहा : फुलावर आलेले कुळथाचे किंवा चवळीचे एक रोप मातीसह हलकेच खणून काढा. मुळे पाण्यात धुवा. मुळांवरची एखादी गाठ मोठ्यांच्या मदतीने कापा. आतून ती गुलाबी दिसली, तर जीवाणूंचे काम चालू आहे असे समजा. हा रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनसारख्याच एका द्रव्याचा असतो.

आणि पुढच्या वेळी पाहुणे आले, तर ओशाळू नका. भाताबरोबर त्याचा जोडीदार मानाने वाढा!