आंबोलीचा भेक आणि ताटातले पाणी

आधी एक सोपा प्रयोग करा. अर्धा पेला पाणी ताटात ओता, तेवढेच पेल्यात राहू द्या आणि दोन्ही उन्हात ठेवा. आमच्या वेळापूरच्या उन्हात ताट लवकर कोरडे पडते. पेल्यात मात्र बरेच पाणी उरते. असे का? बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते आणि ताटातल्या पाण्याचा पृष्ठभाग मोठा असतो.

आता थोडे गणित. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १००० घन सेंटिमीटर. म्हणजे गुणोत्तर ०.६. बाजू १ सेंटिमीटर घेतली, तर तेच गुणोत्तर ६ होते! म्हणजे प्राणी जितका लहान, तितका तो लवकर सुकतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीचा भेक हा असाच आगपेटीत मावेल एवढा प्राणी. नवी जाती म्हणून त्याचे वर्णन २००९ साली प्रसिद्ध झाले. शास्त्रीय नाव झँथोफ्राइनी टायगेरिना. ग्रीक भाषेत ‘झँथॉस’ म्हणजे पिवळा. त्याच्या कुशीवर पिवळे पट्टे असतात. जांभ्या दगडाच्या सड्यावर पहिला पाऊस पडला, की उथळ डबक्यांत त्याची मादी अंडी घालते. अशा डबक्यांत मासे नसतात, हा फायदा. पण डबके म्हणजे ताटच! पावसाने उघडीप दिली, तर पिलांना पाय फुटण्याआधीच ते आटते. आंबोलीत वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि धुक्याने हवा बाष्पाने भरलेली असते, म्हणून हे जमते.

वर्गात एकाने विचारले, “सर, ते भेक आपल्या शेततळ्यात आणून सोडले तर?” तळे खोल, त्यात मासे, आणि आपल्याकडे पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर, हवा कोरडी. भेक आणता येईल. सडा, धुके आणि पाऊस कसे आणणार?

म्हणूनच ही जाती अतिसंकटग्रस्त मानली गेली. सडा ‘पडीक’ समजून तेथे खाण काढली किंवा घरे बांधली, की डबकी कायमची जातात. पावसाळी रात्री रस्ता ओलांडताना वाहनांखालीही भेक चिरडले जातात.

येत्या पावसाळ्यात शाळेजवळच्या एखाद्या डबक्याच्या काठावर रोज खूण करा. ते किती दिवस टिकते? त्यातल्या बेडकाच्या पिलांना पाय आधी फुटतात, की पाणी आधी आटते?