लहान हेडलॅम्प : दर्शन-परीक्षेतील उपयोग व मर्यादा

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या क्रमाने वाग्भटाचार्यांनी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. त्यांपैकी दर्शन हे प्रकाशाधीन आहे, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचा स्वतंत्र विचार आपण सहसा करीत नाही. सुश्रुताचार्यांनी तो केलेला आढळतो. अर्शचिकित्सेत रुग्णास फळीवर वा शय्येवर घेताना त्याचे गुदद्वार सूर्यासमोर येईल अशी रचना त्यांनी सांगितली असून, पाहण्याकरिता दोन छिद्रांचे व कर्माकरिता एका छिद्राचे अर्शोयंत्र असा भेदही केला आहे. प्रकाश कोणत्या दिशेने यावा, हा त्यांच्या लेखी कर्माचाच एक भाग होता.

नाशिकच्या वैद्यास सूर्य वर्षातून चार महिने नीट भेटत नाही. त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात आषाढ-श्रावणात दुपारी तीन वाजताही शाळेच्या पडवीत घसा दिसत नाही. आम्ही व्यवसायास आरंभ केला तो काळ भारनियमनाचा होता. पंचवटीतील जुन्या वाड्यातल्या आमच्या दवाखान्यात संध्याकाळची वीज गेली की एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात जिव्हापट्टी, आणि मूल हलले तर त्याला धरावयास तिसरा हात नाही, अशी अवस्था होत असे. त्यामुळे कपाळावर बांधावयाचा लहान एल.ई.डी. हेडलॅम्प प्रथम हाती आला तेव्हा आम्हास तो वरदानच वाटला. तो आजही आमच्या पिशवीत आहे. मात्र त्याने एकदा आमची चांगलीच फसगत केली, आणि प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच आहे.

पेठकडील एक शेतमजूर सायंकाळी उशिरा आला. चार दिवस अरुची, हृल्लास, अंगमर्द, मंद ज्वर. वीज नव्हती. हेडलॅम्प लावून आम्ही जिव्हा पाहिली. ती श्वेतलिप्त होती. नेत्र पाहिले, ते स्वच्छ पांढरे दिसले. साम ज्वर समजून लंघन व पाचन सांगितले आणि परतीची गाडी नसल्याने त्यास नातलगाकडे मुक्कामास धाडले. सकाळी तो पूर्वेकडील दाराशी येऊन उभा राहिला तेव्हा, काहीही विचारण्यापूर्वी, त्याच्या नेत्रांतील पीतता आम्हास दिसली. मूत्रही दोन दिवसांपासून गडद होत होते. ते आम्ही आदल्या सायंकाळी विचारलेच नव्हते, कारण पांढरे नेत्र पाहून कामलेची शंका मनातून गेली होती. रक्ततपासणीत बिलिरुबिन वाढलेले निघाले. रुग्ण पुढे बरा झाला. परंतु तो त्याच रात्री गावी परतला असता तर आठवडाभर आमच्या दृष्टीआड गेला असता.

असे का घडले, याचा शोध घेता दोन कारणे दिसली. पहिले, तीव्रता. जवळून पडलेल्या प्रखर झोतात फिकट रंग धुऊन निघतो, आणि आरंभीची पीतता फिकटच असते. दुसरे कारण दिव्याच्या घडणीत आहे. पांढरा एल.ई.डी. हा मुळात निळा दिवा असतो. त्यावरील पिवळ्या लेपामुळे एकूण प्रकाश पांढरा भासतो. स्वस्त दिव्यात निळा अंश अधिक व गडद तांबडा अंश फार थोडा असतो. म्हणून तुंडिकेरीची लाली त्यात आहे त्याहून कमी दिसते, आणि श्याव, अरुण, पीत अशा ज्या वर्णभेदांवर आपण दोषांचा अंदाज बांधतो तेच अविश्वसनीय होतात. दिवा वर्ण किती खरे दाखवितो हे सांगणारा एक निर्देशांक (सी.आर.आय.) असतो, सूर्यप्रकाशाचा तो १०० मानतात. आपल्या कामास ९० वा त्याहून अधिक निर्देशांकाचा दिवा हवा. बाजारातील सामान्य दिव्यांचा ७० ते ८० च्या आसपास असतो आणि बहुधा वेष्टनावर छापलेलाही नसतो. वेष्टनावर ठळक छापतात ते ल्युमेन, आणि आपणास त्यांचीच गरज सर्वांत कमी. हातभर अंतरावरच्या घशाला शंभर ल्युमेन पुष्कळ झाले.

आता दिशेचा प्रश्न. युरोपात १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने आरसे व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचाच स्वरयंत्रभाग पाहिला. पुढे व्हिएन्नात ट्युर्क यांचा तोच प्रयत्न हिवाळ्यात सूर्याअभावी थांबला, आणि चेर्माक यांनी दिवा व मध्ये छिद्र असलेला आरसा वापरून तो पुढे नेला. आपण शालाक्याच्या प्रात्यक्षिकात वापरलेला कपाळावरचा आरसा तो हाच. त्याची थोरवी छिद्रात आहे. चिकित्सक छिद्रातून पाहतो, म्हणून प्रकाश व दृष्टी एकाच रेषेत आत जातात. त्यास मागे मोठा दिवा लागतो, म्हणून शिबिरात तो निरुपयोगी ठरतो हे खरे. पण हेडलॅम्पमध्ये ही एकरेषता नाही, हे विसरून चालत नाही.

हिशेब सोपा आहे. दिवा डोळ्यांच्या ६ सें.मी. वर आणि रुग्ण ३० सें.मी. अंतरावर असेल, तर ७ सें.मी. लांब गुददर्शक यंत्राच्या टोकाशी पोहोचेपर्यंत प्रकाश दृष्टिरेषेपासून सुमारे १.४ सें.मी. ढळतो. यंत्राची पोकळी दोन सें.मी. असेल तर बराचसा झोत भिंतीवरच पडला. तोच दिवा भुवयांच्या मध्यावर ओढून डोळ्यांपासून ३ सें.मी. वर आणला की ढळ निम्मा होतो. बहुतेक लोक पट्टा केसांच्या रेषेवर बांधतात आणि दिवा कमजोर आहे अशी तक्रार करतात! कर्णाच्या बाबतीत मात्र हा उपायही पुरत नाही. सुमारे अडीच सें.मी. लांब, जेमतेम ७ मि.मी. रुंद आणि वळणाचा तो मार्ग. तेथे ऑटोस्कोप अथवा छिद्रयुक्त आरसाच हवा. हेडलॅम्पने कर्णपटल पाहिल्याचे कोणी सांगितले तर आम्ही अदबीने विषय बदलतो.

उलट, जेथे पोकळी रुंद व दोन्ही हात गुंतलेले, तेथे या दिव्यास तोड नाही. क्षारसूत्र बदलणे, परिकर्तिकेचे परीक्षण, जलौका लावणे, सिरावेध, पायातील काटा काढणे, मुलांचा घसा या सर्व ठिकाणी आमचा अनुभव निर्विवाद चांगला आहे. किंचित शोथ किंवा मंडलाचा उंचावलेला कडा पाहताना मात्र तो काढून हाती धरावा. समोरून पडणारा प्रकाश सावल्या पुसतो आणि उंचवटा सपाट दिसतो. बाजूने तिरपा टाकला की लगेच उठून येतो. तारकेची प्रकाशास प्रतिक्रिया पाहण्यासही हातातील बॅटरीच लागते, कारण हेडलॅम्प आपल्या नजरेबरोबर फिरतो.

व्यवहारातील काही गोष्टी. हातमोजे घातल्यावर कळ दाबली की मोजे दूषित झाले. म्हणून दिवा आधीच लावावा, अथवा साहाय्यकाकडून लावून घ्यावा. पट्टा घाम शोषतो, तो सुटा करून धुता येईल असाच घ्यावा. साध्या ट्रिपल ए सेलवर प्रकाश हळूहळू उतरतो आणि डोळा सरावल्याने ते ध्यानात येत नाही. पुष्कळशा चार्जिंगच्या दिव्यांत तो शेवटपर्यंत टिकतो व एकाएकी जातो. जलौका लावलेली असताना असे एकदा झाल्यापासून आम्ही शिबिरास दोन दिवे नेतो.

आणखी एक. कपाळी दिवा जळत असता रुग्णास वैद्याचा चेहरा दिसत नाही, केवळ झोत दिसतो. नेत्राभिष्यंदाचा रुग्ण तोंड फिरवितो, मूल रडते, आणि गावाकडची आजी डोळ्यांवर पदर ओढून ‘काही नाही बाबा, बरं आहे’ एवढेच म्हणते. प्रश्न-परीक्षा दिवा मालवूनच करावी. आम्ही तसेच करतो, आणि अरुची व हृल्लास सांगणाऱ्या सायंकाळच्या रुग्णास मूत्राचा वर्ण विचारल्याखेरीज व सकाळी उजेडात पुन्हा पाहिल्याखेरीज गावी जाऊ देत नाही.