उद्यानातील पुनर्नवा व तणनाशके

वर्षाऋतूत भोकरसारख्या गावी उद्यानांच्या कडेस व रस्त्यालगत पुनर्नवा (घेटुळी), गोक्षुर (सराटा), भूम्यामलकी विपुल उगवतात. वैद्यास जी औषधी, तीच माळ्यास तण. खुरप्याऐवजी आता पुष्कळ ठिकाणी तणनाशक फवारले जाते, आणि चिंतेचे कारण तेथेच आहे.

ग्लायफोसेट हे तणनाशक पानांतून शोषले जाऊन मुळापर्यंत उतरते. फवारणीनंतर काही दिवस वनस्पती हिरवीच दिसते. अर्थात केवळ दर्शनाने दोष कळत नाही. ज्या मुळासाठी आपण पुनर्नवा उपटतो, तेथेच ते पोहोचलेले असते. वरून धुऊन आत मुरलेले जात नाही. ते जलविद्राव्य असल्याने क्वाथात येते व उकळल्याने नष्ट होत नाही. आणि हा क्वाथ आपण शोथाच्या रुग्णास देतो, ज्याचे वृक्क अनेकदा आधीच दुर्बल असतात!

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटची गणना संभाव्य कर्करोगकारक द्रव्यांत केली. अमेरिकेच्या नियामक संस्थेस हे मान्य नाही. तो वाद तज्ज्ञांचा. औषधात तणनाशक नको, याविषयी मात्र वाद संभवत नाही.

चरकाचार्यांनी कल्पस्थानात प्रशस्त भूमी सांगताना स्मशान व वारुळाबरोबर आराम, म्हणजे उद्यानही, वर्ज्य केले आहे. सुश्रुताचार्यांनी विष व मार्ग यांनी उपहत न झालेली औषधी घेण्यास सांगितले.

औषधालयाच्या चालकांनी ओले द्रव्य घेताना संकलनाचे स्थळ व दिनांक वहीत नोंदवावा. स्थळ सांगता न आल्यास माल परत करावा. पुनर्नवा परसातही सहज वाढते.